तळटीप आणि ऋण

मराठीच्या उत्पत्तीची चर्चा करणाऱ्या प्रबंधांत उद्द्योतनसूरीच्या 'कुवलयमाले'चा (इ. स. ७७९) उल्लेख ठरलेला असतो. तळटीपेत मूळ ग्रंथाचे नाव असते. उतारा मात्र पुष्कळदा एखाद्या पाठ्यपुस्तकातून घेतलेला असतो. उतारा अचूक असेल तर बिघडले कुठे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात.

ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, ते आपल्या हाती कसे आले हे येथे पाहावे लागेल. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन केलेल्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी जैसलमेरची ताडपत्रावरील आणि पुण्याची कागदावरील अशा दोन हस्तलिखितांचे पाठ ताडून या ग्रंथाची संहिता सिद्ध केली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. प्रस्तावना व टिपांचा भाग १९७० साली आला. संपादकाचा निर्णय या पाठात ओळीओळीला मुरलेला आहे.

त्याचे नाव गाळणारी तळटीप न केलेल्या वाचनाचे श्रेय घेते आणि केलेल्या श्रमांचे ऋण नाकारते. शिवाय पाठ्यपुस्तकातील एखादी चूक मूळ ग्रंथाच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

माझ्या स्वतःच्या प्रबंधातही अशा तळटीपा आहेत. 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे लिहिणे तेव्हा कमीपणाचे वाटले होते. संदर्भलेखनाचे विरामचिन्हांपर्यंतचे नियम आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आपण कोणाच्या डोळ्यांनी वाचले हे सांगण्यात लाज नाही, एवढे त्याआधी शिकवायला हवे.