पुतळी कुणाची?

देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर 1927पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. त्यामुळे तिथे मातीतून वर आलेली वस्तू देवनारचीच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ती गिरगावातल्या एखाद्या ट्रंकेतून कचऱ्यात गेलेली असेल, किंवा चिमाजी अप्पांच्या 1737-39च्या मोहिमेआधी या भागावर पोर्तुगीज अंमल होता तेव्हाचीही असेल. समजा, अशा जमिनीवर मेटल डिटेक्टर वाजला आणि हाती सोन्याचे जुने युरोपीय नाणे आले. यंत्राने दिलेल्या ज्ञानाला नैयायिकांच्या भाषेत निर्विकल्पक म्हणता येईल: ‘काहीतरी आहे’, एवढेच. नाव, जात, गुण यांसह होणारे सविकल्पक ज्ञान त्यानंतरचे. एरवी नाणे कोणत्या थरात सापडले यावरून निम्मे काम होते. इथे थरच भरवशाचे नाहीत. म्हणून प्रश्न उघडा पडतो. नाण्याची ओळख म्हणजे त्याची टांकसाळ, की त्याने काढलेले सगळे आयुष्य?

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुतळी. पुतळीहारातल्या पुतळ्या मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरून आल्या. हे नाणे 1284 मध्ये सुरू झाले आणि 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात पडत राहिले. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळपास निर्भेळ. एका बाजूला संत मार्क उभे आहेत आणि व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, गुडघे टेकून त्यांच्या हातून निशाण स्वीकारतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. मराठी घराने त्यात माणसांच्या आकृती पाहिल्या आणि नाव दिले पुतळी. शिवाजी महाराजांच्या खजिन्याची जंत्री बखरकार सभासदाने दिली आहे, तिच्यातही पुतळ्या आहेत. केरळात याच निशाणाच्या काठीत लोकांना ताडाचे झाड दिसले आणि नाण्याला ताडी काढणाऱ्या शाणाराचे नाव मिळाले. पुढे आपल्या सोनारांनीही हुबेहूब पुतळ्या पाडल्या. त्यांतली लॅटिन अक्षरे नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन बसतात. आणि अनेक पुतळ्यांच्या कडेला डाख देऊन बसवलेली कडी असते, किंवा ती तुटल्यावर राहिलेला ओबडधोबड व्रण.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. नाणे व्हेनिसचे, बाकी सगळा गैरसमज. दोरीला साप समजावे तसे लोकांनी संताला पुतळी समजले, एवढेच. पण हा दृष्टान्त नीट लावला तर आक्षेपावरच उलटतो. दिवा आणून दोरी पाहिली की साप उरत नाही. ज्ञानाने भ्रमाचा बाध होतो, हीच भ्रमाची खूण. पुतळीचे तसे होत नाही. लॅटिन वाचता आले, संत मार्कांचे चरित्र कळले, म्हणून आजीचा पुतळीहार पुतळीहार राहत नाही असे घडत नाही. तो लग्नात घातला जातो, लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवला जातो. जे खऱ्या ज्ञानाने बाधित होत नाही त्याला भ्रम कसे म्हणावे? पुतळी ही डुकाटविषयीची चूक नसून डुकाटने घेतलेला दुसरा जन्म आहे.

मग ज्याने जे म्हटले ते खरे, असे होईल का? मुळीच नाही. नाण्यावरची जोडी राम-सीतेची आहे, असे कोणी म्हटले तर ते चूकच आहे, कारण ते विधान कोरणीविषयी आहे. गळ्यात पुतळी घालणारी बाई मात्र असे कोणतेच विधान करत नसते. दुसऱ्या टोकाचा आक्षेप वेदान्ताचा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो की सोने जाणले म्हणजे सोन्याचे सगळे विकार जाणले. मग डुकाट काय, पुतळी काय, सोने तेवढे खरे! तत्त्व म्हणून हे मान्य केले, तरी व्यवहारात एक गोष्ट उरते. व्हेनिसचे सोने दर्यापार विश्वासाने घेतले गेले ते त्या ठशामुळे. कसोटीवर घासण्याआधीच ठसा साक्ष देत असे. नाणे मुशीत वितळवले तर सोने गुंजभरही कमी होणार नाही. नाहीशी होईल ती साक्ष.

हीच साक्ष मालकीचाही प्रश्न विचारते. बायबलातल्या प्रसिद्ध प्रसंगात येशू नाण्यावरची प्रतिमा कोणाची ते विचारतो आणि त्यावरून कैसराचे काय व देवाचे काय, याची वाटणी करतो. डुकाटवर प्रतिमा ख्रिस्ताचीच आहे, आणि भोवतीचा लेख हे डोजराज्य त्यालाच अर्पण करतो. नाण्याचे नावही त्याच लेखातल्या राज्यवाचक शब्दाशी जुळते. म्हणजे ठशाच्या न्यायाने ते देवाचे, गळ्याच्या न्यायाने कोणा बाईचे स्त्रीधन, आणि 1878च्या निखात निधी कायद्याच्या न्यायाने, किंमत दहा रुपयांहून जास्त असल्यास, आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याचे. ‘सापडले म्हणून माझे’ हा दावा या रांगेत सर्वांत मागे उभा राहतो. संग्राहक कडीच्या व्रणाला दोष समजतो, अशा नाण्याची किंमत उतरते. पण देवनारसारख्या थर विस्कटलेल्या जमिनीत तो व्रणच शेवटचा साक्षीदार आहे: हे सोने बाजारातून घरात आले होते आणि कोणाच्या तरी गळ्यात होते, हे सांगणारा. तो घासून काढला आणि चिठ्ठीवर फक्त ‘व्हेनिस’ लिहिले, तर नाव बरोबर असूनही ओळख चुकलेली असेल.