पितृऋणाचे स्मरण

दीपावलीच्या सुटीत सहकुटुंब कुलदैवताच्या दर्शनास जाण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत चालत आली आहे. कोणी जेजुरीस खंडेरायाला भंडारा वाहतात, कोणी तुळजापुरास भवानीमातेची ओटी भरतात. कुलदैवत कोणी स्वतः निवडलेले नसते. ते वाडवडिलांकडून लाभते. म्हणून त्याच्यापुढे जोडलेले हात पूर्वजांपुढेही जोडलेले असतात.

मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे वैदिक परंपरा सांगते. तर्पणात पिता, पितामह व प्रपितामह यांच्याबरोबर मातृकुळाचेही स्मरण होते. भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येस, ज्यांची तिथी ज्ञात नाही त्यांचेही श्राद्ध केले जाते. दीपावलीही या स्मरणाहून वेगळी नाही. आश्विन अमावास्येस पितरांना मार्ग दिसावा म्हणून उल्कादान करण्याचा विधी धर्मशास्त्रात सांगितला आहे.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या अनेक पिढ्यांची नावे नोंदलेली आढळतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. पणजोबांचे नाव त्या पानावर पाहताना घराण्याचा धागा प्रत्यक्ष हाती येतो. जेजुरीच्या गडावर तर भाविकांनी नवसापोटी उभारलेल्या दीपमाळा आहेत. त्यांतील किती दात्यांची नावे आज कोणास ठाऊक असतील? तरीही त्यांचे दान उभे आहे.

परंतु कृतज्ञता केवळ दिवंगतांसाठी राखून ठेवण्याची वस्तू नव्हे. श्राद्धाच्या पानावर वडिलांच्या आवडीचा पदार्थ आठवणीने वाढावा आणि त्यांच्या हयातीत मात्र चार शब्द बोलण्यास सवड नसावी, हे पितृऋण फेडणे होत नाही. भक्त पुंडलिकाने आईवडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून साक्षात परमेश्वरास विटेवर थांबविले. देवही रागावला नाही. तो तेथेच उभा राहिला. पंढरीचे अवघे माहात्म्य या सेवेतून उदयास आले.

यास्तव सुटीतील एक सायंकाळ घरातील वडीलधाऱ्यांसाठी ठेवावी. दिवा लावून मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. वडिलांकडील व आईकडील तीन पिढ्यांची नावे, मूळ गाव आणि त्यांनी सोसलेले कष्ट विचारून लिहून ठेवावेत. सांगणारे माणूस गेल्यावर ते विचारावयाचे कोणास? त्यानंतर पूर्वजांच्या स्मरणार्थ यथाशक्ती अन्नदान करावे. मुखी नाम, हाती सेवा आणि अंतरी वाडवडिलांचे स्मरण असणाऱ्या कुटुंबावर श्रींची कृपा अखंड राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥