हरणांसाठी पेरलेलं



आज गीतेच्या सतराव्या अध्यायातले श्लोक २० ते २२. दानाचे तीन प्रकार. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस. देश, काळ, पात्र न बघता आणि अनादराने दिलेलं तामस. पाठ करायला सोपं आहे. मला मात्र इथे दरवेळी आमच्या शेजाऱ्यांचा अर्ध्या एकराचा तुकडा आठवतो.

आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शेजारचे आजोबा रानाच्या कडेला हरणांसाठी 'फूड प्लॉट' राखतात. आधी मातीची तपासणी, मग आम्लता कमी करायला चुना. मार्चमध्ये जमीन रात्री गोठते आणि दिवसा सुटते, तेव्हा क्लोव्हरचं बी नुसतं वरून फेकायचं. भेगा ते आत ओढून घेतात. उन्हाळ्यात तण बी धरायच्या आत छाटायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसऱ्या पट्ट्यात सलगम, म्हणजे थंडी पडल्यावरही पाला उरतो. मधोमध जाळीचा छोटा पिंजरा, तिथे हरणाचं तोंड पोचत नाही. आतलं आणि बाहेरचं पीक ताडून बघितलं की किती खाल्लं गेलं ते कळतं. (आपल्या भाषेत कंट्रोल ग्रुप!)

आणि नोव्हेंबरच्या शेवटी, शिकारीच्या नऊ दिवसांत, आजोबा नारिंगी जाकीट घालून त्याच कडेला बंदूक घेऊन बसतात.

म्हणजे राजस, विषय संपला? माझी बायको तर म्हणते, याला दान म्हणूच नका, हे आमिष आहे.

पण त्याच रस्त्यावर शिकारीला पाप मानणारं एक घर आहे. भर जानेवारीत त्यांना दया येते आणि ते मक्याची पोती ओततात. हरीण रवंथ करणारा प्राणी. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जिवाणू काड्या-कोंब पचवायला सरावलेले असतात. अचानक भरपूर मका गेला की पोटात आम्ल वाढतं आणि हरीण भरल्या पोटी मरतं. शिवाय एका ढिगाभोवती तोंडाला तोंड लागून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पसरू शकतो. त्यावर औषध नाही, आणि विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये सापडला. म्हणून राज्यात बऱ्याच ठिकाणी असे ढीग घालायला बंदी आहे.

हेतू निर्मळ, पण काळ चुकला, पात्राची ओळखच नाही. याला तामस म्हणायला जीभ रेटत नाही, कारण अनादर नाही त्यात. तरी घेणाऱ्याच्या पोटात काय चालतं हे विचारायचंही नाही, हा कसला आदर? आजोबांना ते ठाऊक आहे. त्यांच्या फळाच्या अपेक्षेनेच त्यांना ते शिकवलं, ही मला अवघड वाटणारी गोष्ट आहे.

आमच्या भागात लांडगे उरले नाहीत, हरणं माजली की रानातली रोपटी संपतात, हेही खरं. पण तो शिकारीच्या बाजूचा मुद्दा झाला, दानाचा नव्हे.

आजोबा दरवर्षी मांस देऊ करतात, आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. मार्चमध्ये बी फेकायला मात्र मी जातो. माझा हात यात कुठवर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यंदा गुडघ्यांमुळे त्यांनी बंदूक मुलाला देऊन टाकली. तो बसेल की नाही, माहीत नाही. क्लोव्हरचं बी मात्र आजोबांनी नेहमीएवढंच मागवलंय.