कंसातली बंधुता

मैसूर जिल्ह्यातले सोसले हे व्यासराज मठाचे गाव. या मठाच्या द्वैतमतात एक जीव दुसऱ्या जीवापासून खरोखर वेगळा असतो. भेद हा भास नव्हे. हे मान्य केले की पुढचा प्रश्न चुकत नाही. जे मुळातच वेगळे, ते एकत्र राहतात ते कशाच्या बळावर?

नेपच्यूनभोवतीच्या धुळीने हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञांपुढे टाकला. 1984 मध्ये नेपच्यूनलगत दिसणारा एक तारा ग्रहाच्या एकाच बाजूला क्षणभर मंदावला. कडे असेल तर ते अर्धवट कसे? 1989 मध्ये व्हॉयेजर 2 यानाने उलगडा केला. ॲडम्स नावाचे ते कडे पूर्ण आहे, पण त्यातली धूळ काही ठिकाणी दाट कंसांत साठली आहे. कंसांना नावे मिळाली ती फ्रेंच: लिबर्ते, एगालिते, फ्रातेर्निते आणि कूराज. म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि धैर्य.

खरे तर हे कंस टिकू नयेत. ग्रहाच्या जवळचा कण वेगाने फिरतो, लांबचा सावकाश; त्यामुळे काही वर्षांतच धूळ सगळ्या कड्यात पसरायला हवी. पण हजारएक किलोमीटर आत गॅलेटिया हा उपग्रह फिरतो. त्याच्या 43 फेऱ्या होतात तेव्हा कणांच्या 42 होतात. या ठरलेल्या तालातल्या ओढीमुळे कण जागा सोडत नाहीत, असे उत्तर निघाले. अशा उपग्रहाला मेंढपाळ म्हणतात.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही. बंधुता नसेल तर उरलेल्या दोहोंसाठी शिपाई उभा करावा लागेल. गॅलेटिया असाच शिपाई. त्याने राखलेल्या धुळीला बंधुता म्हणावे का? धाकाने एकत्र राहिलेली घरे आपण पाहिली आहेत. धाक सरला की ती पांगतात.

पुढे अधिक बारीक मोजणी झाली, तेव्हा कंस गॅलेटियाच्या तालात नेमके बसेनात. 2002-03 मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून लिबर्ते फारच फिका दिसला. नंतर तो आणि कूराज दिसेनासे झाले. फ्रातेर्निते टिकून आहे. स्वातंत्र्य गेले, बंधुता उरली, असा बोध काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. नावे आपण ठेवली, धुळीला त्यांचा पत्ता नाही.

मात्र काही अभ्यासकांनी सुचवलेली एक शक्यता मनात राहते. त्याच कक्षेत, कंसांच्या सोबतीने फिरणारे लहान गोळे त्यांना सावरत असतील. हे अजून सिद्ध झालेले नाही. कणांच्या बाबतीत ते गणिताने ठरेल. माणसांच्या बाबतीत गणित पुरत नाही, कारण कणाला पांगायचे की थांबायचे हे ठरवता येत नाही, आपल्याला येते. शिपाई पाठ फिरवतो त्या वेळी शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, एवढ्यावरच आपली बंधुता मोजावी.