न किडणारा दात

सकाळी दात घासताना जबड्यात बसवलेल्या इम्प्लांटच्या दाढेकडे माणूस थोडा कानाडोळाच करतो. ती किडणार नाही, थंड पाण्याने ठणकणार नाही. शिवाय एवढे पैसे मोजलेत म्हणजे जन्माची ददात मिटली, असा आपला हिशेब.

हिशेब अगदीच खोटा नाही. आजच्या इम्प्लांटची वाट दाखवणारे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क खरं तर दातांचे डॉक्टर नव्हते. सशाच्या हाडात रक्त कसं फिरतं हे पाहायला त्यांनी टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना. हाडाने ते धरून ठेवलेलं! १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली गेले, तोवर ते इम्प्लांट साथ देत होते.

आजही दहा वर्षांनंतर शंभरातले नव्वदांहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण जागेवर असणं वेगळं आणि धड असणं वेगळं. आपला दात हाडाला बारीक तंतूंनी बांधलेला असतो, म्हणून भाकरीतला खडा पुरता चावण्याआधीच कळतो. इम्प्लांट थेट हाडालाच चिकटलेला, त्याला ही जाण जवळजवळ नाहीच. हिरडीही त्याला खऱ्या दातासारखी घट्ट बिलगत नाही. तिथे कीटण साचलं की सूज आत उतरते आणि हाड झिजायला लागतं. बहुतेक वेळा दुखत नाही, हीच पंचाईत. थुंकीत रक्ताची रेघ दिसते, ‘ब्रश जोरात लागला असेल’ म्हणून आपण चूळ भरून मोकळे होतो.

तंबाखू, सिगारेट आणि आटोक्यात नसलेली साखर यांनी धोका वाढतो. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले, त्यांनी तर जास्तच जपावं. दात नवा आला तरी तोंड तेच आहे ना! दोन दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश रोज फिरवायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही असं. इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि माप लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्या. पंधरा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि तोवर आपण गाव बदललं किंवा डॉक्टर निवृत्त झाले, तर नव्या डॉक्टरांना नेमका पेचकस कुठला लावायचा हे त्या कार्डावरून कळेल.