फडाचा न्याय

पाण्याच्या टंचाईविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती बहुधा साठ्याची चर्चा असते. कोणत्या नदीवर किती पाणी अडवले, किती अडवावयाचे राहिले, कोणते पाणी वाहून समुद्रास मिळाले आणि ते कोणत्या बोगद्याने परत फिरवता येईल, या हिशेबात आपले अभियंते, लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रे इतकी गढून गेलेली असतात की, बांधलेले धरण एखाद्या वर्षी निम्मेच भरले तर तुटीचा भार कोणी, किती आणि कोणत्या नियमाने सोसावयाचा, हा प्रश्न विचारण्याचे भान सहसा कोणास राहत नाही. वस्तुतः ज्या काळात पाऊस आपल्या जुन्या वहिवाटीने वागेनासा झाला आहे, त्या काळात समाजाची जलसुरक्षा साठ्याच्या आकारापेक्षा तुटीच्या वाटणीवर अधिक अवलंबून राहणार आहे. हे विधान पारखून पाहण्यास खानदेशाइतका योग्य प्रांत दुसरा सापडणे कठीण. कारण तुटीची वाटणी करणारी एक अत्यंत प्रगल्भ व्यवस्था याच भूमीत वाढली, आणि तिचे विस्मरणही याच भूमीत झाले.

ही व्यवस्था म्हणजे फड पद्धती. साक्री तालुक्यातील सह्याद्रीच्या उतारावर उगम पावून धुळ्यावरून तापीकडे जाणारी पांझरा, आणि बागलाण-मालेगावच्या मुलखातून वाहत गिरणेस मिळणाऱ्या मोसम व आरम, या नद्यांवर निदान तीन-चार शतकांपासून दगडी बंधाऱ्यांच्या माळा उभ्या आहेत. बंधाऱ्याच्या एका अंगास पाट काढावयाचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून सारंग न्यावयाचे, आणि उरलेले पाणी सांडमाच्या वाटेने पुन्हा नदीत सोडावयाचे, म्हणजे खालच्या बंधाऱ्यास ते मिळावे, अशी ही रचना होती. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडलेले असत. त्या प्रत्येकास फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस, दुसऱ्यात भात किंवा अन्य हंगामी पीक, तिसऱ्यात रब्बीचे धान्य, तर एखादा फड पड. आणि ही पाळी वर्षागणिक फिरती राहावयाची. पाणी फिरविण्यास पाटकरी, पिकाची राखण करण्यास जागल्या, त्या दोघांवर हवालदार, आणि या सर्वांवर खातेदारांनी निवडलेले पंच. नोकरांचे वेतन बहुतांशी धान्यरूपाने, आणि पाट उपसण्याचे व बंधारा दुरुस्त करण्याचे काम खातेदारांनी स्वतःच्या श्रमाने उचललेले.

स्थापत्याच्या दृष्टीने यात अलौकिक असे काही नाही. बंधारे आणि पाट जगात सर्वत्र आढळतात. फडाचे खरे बुद्धिवैभव दोन नियमांत साठवलेले आहे. पहिला नियम असा की, पिकांचे क्षेत्र पाणी पाहून ठरावयाचे: पावसाळ्याच्या अखेरीस नदीचा प्रवाह कसा आहे हे पाहून कोणते फड भिजवावयाचे आणि कोणता कोरडा ठेवावयाचा, याचा निर्णय होई, आणि एकदा तो झाला की कोणाही खातेदारास आपल्या मर्जीने ऊस लावता येत नसे. दुसरा नियम याहून सूक्ष्म आहे. बहुतेक खातेदारांच्या जमिनी एकाहून अधिक फडांत विभागलेल्या असत. त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तर त्याची झळ एका गटास न लागता थोडथोडी सर्वांस लागे. एकत्र कुटुंबात भाकरी कमी पडली की प्रत्येकाच्या ताटातली चतकोर कमी व्हावी, परंतु कोणी उपाशी उठू नये, असा हा न्याय आहे. निसर्गाने केलेली कपात माणसांनी आपसांत विवेकाने पसरवून घेतली, म्हणून अवर्षणात पाटावर भांडणे झाली तरी पाटच फुटला असे सहसा घडले नाही.

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण अभियंत्याच्या नोकरीची पहिली वर्षे नाशिक आणि धुळे येथेच गेली, आणि पांझरेच्या खोऱ्यातील दातर्ती येथे पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे अवघड काम त्यांनी तेव्हाच पार पाडले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेच्या कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात क्षेत्राचे ठरावीक गट पाडणे, उसाला गटाचा एक हिस्साच देणे आणि पिकांची पाळी फिरविणे ही जी तत्त्वे दिसतात, त्यांचे फडाशी असलेले साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. परंतु एवढेच साम्य शोधून थांबणे योग्य नाही. ब्लॉकचा मंजुरीदार सरकारी अंमलदार होता, फडाचा मंजुरीदार खातेदारांची पंचायत होती. आणि १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याच्या पाण्यावर सरकारचा ताबा दृढ केल्यापासून आपली सारी पाणीव्यवस्था अर्जदार आणि मंजुरीदार यांच्या संबंधातच विचार करू लागली. स्पेनमधील व्हॅलेन्सिया नगरात आजही दर गुरुवारी मुख्य चर्चच्या दारात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते आणि तोंडी सुनावणीने तंटे मिटविते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने अशा संस्थांचा अभ्यास करून, सामायिक संपत्ती सरकारी ताबा किंवा खासगी मालकी यांवाचूनही टिकविता येते, हे १९९० साली ग्रंथरूपाने मांडले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो सिद्धांत पांझरेकाठच्या पंचांनी ग्रंथावाचून आचरला होता.

फडाचे गुणगान करताना त्याच्या उणिवांवर पांघरूण घालणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या नावे पाटस्थळ जमीन नव्हती त्यास या न्यायात वाटा नव्हता. भूमिहीन मजूर, पाटाच्या वरच्या अंगाचा जिरायतदार आणि शेतात राबणारी परंतु पंचांत न बसणारी स्त्री, हे तिघेही या व्यवस्थेच्या बाहेर होते. शिवाय ही पद्धती नदीच्या बारमाही झऱ्यावर उभी होती, आणि तो झरा सह्याद्रीच्या उतारावरील जंगलाने पुरविलेला होता. जंगल विरळ झाले, पिंपळनेरजवळ लाटीपाडा आणि पुढे अक्कलपाडा येथे धरणे झाली, काठाकाठाने विहिरी खोल गेल्या, विजेच्या मोटारी बसल्या. आणि ज्याच्या विहिरीस पाणी त्यास पंचांच्या संमतीची गरज उरली नाही. फड मोडला तो कोणी फर्मान काढून मोडला नाही. सामायिक पाण्यावाचून निभावून नेणे प्रत्येकास वेगवेगळे शक्य वाटू लागले, आणि त्या समजुतीखाली तो हळूहळू विरून गेला.

ती समजूत किती फसवी होती याचा प्रत्यय आता येत आहे. आपली धरणे एका गृहीतावर उभी आहेत: मागील अनेक वर्षांच्या पावसाची सरासरी काढावी, चारांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल इतके पाणी धरावे, आणि तेवढ्या पाण्यावर लाभक्षेत्र जाहीर करावे. १९६९ मध्ये पूर्ण झालेले गिरणा धरण जळगाव जिल्ह्यास दिलेले असेच एक मोठे आश्वासन होते. परंतु वरच्या अंगास धरणे वाढली, पाऊस लहरी झाला, आणि दीर्घकाळ हे धरण भरण्यापेक्षा न भरण्याबद्दलच अधिक ओळखले गेले. मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. त्याची साक्ष चाळीसगावाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दिली: डोंगरी आणि तितूर या नद्यांना रात्रीतून पूर आला, शेकडो जनावरे दगावली, कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, याच चाळीसगाव तालुक्याची गणना राज्यातील दुष्काळी तालुक्यांत झाली होती. सरासरी दोन्ही वर्षांना पोटात घेऊन समाधानाने बसते. शेतकरी मात्र सरासरीवर जगत नसतो.

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, हा प्रश्न जमिनीखाली गेला आहे. चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत डोंगराच्या कडेने दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा जो बझाडा पट्टा आहे, तो पावसाचे पाणी सहज शोषून खालच्या गाळास देतो. या निसर्गदत्त पेढीच्या जोरावर केळीचे वैभव उभे राहिले. मृगबाग आणि कांदेबाग यांच्या लागवडींनी जळगावचे नाव देशभर पोहोचविले, आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही मिळाले. ठिबक सिंचनाचा प्रसार येथे इतका झाला की जळगाव हे त्याचे माहेरघर मानले जाते, आणि भवरलाल जैन यांच्या उद्योगाचे त्यातील श्रेय निर्विवाद आहे. तरीही रावेर-यावलची भूजलपातळी खालीच जात राहिली, ट्यूबवेल अधिकाधिक खोल गेल्या. याचे कारण ठिबकात नाही. ठिबकने वाचविलेल्या पाण्याचे काय करावयाचे याचा नियम नसण्यात आहे. खोडामागे वाचलेले पाणी भूगर्भात राहिले नाही, ते शेजारच्या नव्या लागवडीकडे वळले. एका शेताची काटकसर ही खोऱ्याची काटकसर होण्यास मध्ये एखादी पंचायत लागते, आणि ती आपल्यापाशी नाही.

पुनर्भरणाच्या प्रयत्नांसही हेच लागू पडते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने आणि अमरीश पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले, आणि आटलेल्या विहिरींस पाणी आले. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली आधी जंगल राखले, तोडीवर व चराईवर गावाने स्वतःच बंधने घातली, मग समतल चर आणि बंधारे केले. त्या कार्याचा २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु शिरपूरची नक्कल जेथे झाली तेथे उत्खननाची झाली, तर बारीपाड्याची नक्कल फारशी झालीच नाही, कारण त्यातील मुख्य वस्तू यंत्राने खणून निघणारी नव्हती. आता महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झालेल्या करारानंतर तापीच्या महापुनर्भरणाची योजना मार्गी लागण्याची आशा दिसते. पुराचे पाणी बझाडा पट्ट्यात मुरविण्याची तिची कल्पना भूशास्त्रास धरून आहे. पण उद्या ते पाणी भूगर्भात उतरल्यावर ज्याची ट्यूबवेल सर्वांत खोल आणि मोटर सर्वांत बलवान त्यानेच ते उपसावे असा शिरस्ता राहिला, तर सरकारी खजिन्यातून भरलेली पेढी मूठभर खातेदार रिकामी करतील, एवढाच तिचा अर्थ होईल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोणी काय पिकवावे हे गावाने किंवा सरकारने ठरविणे हा शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे शेतकरी चळवळीने शिकविले, आणि लेव्ही व झोनबंदीचा काळ ज्यांनी भोगला त्यांचा हा संताप साधार आहे. परंतु दुसऱ्याच्या जमिनीखालचे पाणी आपल्या मोटारीने ओढून घेणे हे स्वातंत्र्यात मोडत नाही. भूजल कोणाच्याही सातबाऱ्याची सीमा पाळीत नाही. पिकाचे स्वातंत्र्य निःसंशय असावे, परंतु ते वाट्याला आलेल्या पाण्याच्या मर्यादेत. फडाप्रमाणे सर्वांनी एकच पीक घ्यावे असा आग्रह आज धरता येणार नाही, धरण्याची गरजही नाही. प्रत्येक खात्यास पाण्याचा हिस्सा ठरवून दिला आणि तो वर्षाच्या भूजलपातळीप्रमाणे कमीअधिक होत राहिला, तर त्या हिश्शात केळी लावावी की कापूस, हे खातेदाराने खुशाल ठरवावे.

यासाठी नवा कायदा मागण्याचे कारण नाही. राज्याने २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, ज्यात पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याचे तत्त्व आहे. २००९ च्या भूजल अधिनियमात तर अधिसूचित क्षेत्रात भूजलाचा वापर आराखडा आणि त्यावर आधारलेली पीकयोजना करण्याची तरतूदच आहे. दप्तरी भाषा बाजूस ठेवली तर पाणी पाहून पीक ठरविण्याचा फडाचाच नियम आपल्या विधिमंडळाने मंजूर केलेला आहे. उणीव आहे ती तो नियम चालविणाऱ्या पाटकऱ्याची आणि पंचांची. दिवाळीपूर्वी गावोगावच्या विहिरींची पातळी मोजून ती ग्रामसभेत जाहीर करणे, त्यावरून बागायतीची कमाल मर्यादा ठरविणे, पिण्याच्या पाण्याचा आणि भूमिहीनांचा वाटा आधी काढून ठेवणे, आणि तुटीच्या वर्षी कपात सर्वांवर सारख्या प्रमाणात बसविणे, एवढी कामे तापीकाठच्या दहा-वीस गावांत जरी निष्ठेने झाली तरी कोणत्याही बोगद्याइतकी त्यांची किंमत होईल. महापुनर्भरणाच्या निधीची पहिली अट हीच असावी: ज्या गावाने वाटणीचा नियम आधी लिहून दिला, त्याच्या शिवारात पाणी आधी मुरवावे. विपुलतेच्या वर्षी असा नियम करणे कोणास सुचत नाही, आणि टंचाईच्या वर्षी तो करू म्हटले तर बलवानांना तो मान्य होत नाही. म्हणून तो पाणी येण्यापूर्वीच झाला पाहिजे.