अडकलेलं टोपण आणि पाचवं कारण

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा एक्सल पुष्कळदा आतून पोकळ असतो. त्या पोकळीतून लांब बोल्ट घालून दोन्ही टोकांना नायलॉनचे गोळे कसले की झाले स्लायडर. गाडी आडवी पडली तर फोर्कऐवजी ते घासले जातात (स्वाराची हाडं वाचवणं हे त्यांचं काम नव्हे). काही गाड्यांत एक्सलच्या तोंडाशी ठोकून बसवलेलं टोपण असतं, ते आधी काढावं लागतं. लोणावळ्यात ते सहजी निघत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यानं त्या जुन्या रस्त्यानं गावातूनच जातात, आणि इथे वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पोलादी एक्सलमध्ये ॲल्युमिनियमचं टोपण आणि मध्ये ओल असली, की ॲल्युमिनियम झिजू लागतं. त्यातून तयार होणारं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, फट भरते, टोपण जाम होतं. मग हातोडा उचलणाऱ्याच्या मनात एक समज असतो: निघणं न निघणं माझ्या जोरावर आहे. तपासायचा आहे तो हा समज.

गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही लगेच पुढे म्हटलं आहे. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात; गॅरेजात कामाखालची वस्तूही त्यात धरायला हरकत नसावी. दैवाबद्दल मात्र एकमत नाही. शंकराचार्य इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता घेतात, तर रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा. दोघांच्याही लेखी ते कर्त्याच्या मुठीबाहेरचं आहे, तरी कामात भागीदार आहे. खंडेनवमीला पाने-हातोड्यांना हळदकुंकू वाहून तिसऱ्या कारणाचा मान आपण ठेवतोच. पाचव्याचं काय करायचं, हा पेच आहे. माझं म्हणणं असं, की ते पाचवंच आहे. आधीच्या चारांचा हिशोब पुरा झाल्याशिवाय त्याचं नाव घेता येत नाही, आणि पुरा झाल्यावर न घेणंही खोटेपणाचं.

उष्णतेचंच बघा. जाम झालं की तापवा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या फोर्कमध्ये पोलादी एक्सल अडकला असेल, तर तापवल्यावर बाहेरचं भोक मोठं होतं आणि एक्सल सुटतो. टोपणाचं उलटं: तिथे ॲल्युमिनियम आत आणि पोलाद बाहेर, म्हणजे तापवाल तितकं ते आवळणार. साधन तेच, हालचाल तीच. अधिष्ठान बदललं आणि फळ फिरलं. आत काय, बाहेर काय हे न पाहता तापवलं, शेजारच्या बेअरिंगचं ऑइल सील जळालं आणि वर ‘नशीब’ म्हटलं, तर ते नशीब नव्हे, निव्वळ हलगर्जीपणा. दुसऱ्या टोकानं पोकळीत सळई घालून टोपण आतून ठोकता येतं का ते बघावं. तेही तोंड बंद असेल तर टोपणाला मधोमध भोक पाडून आटे पाडावेत आणि त्यात बोल्ट बसवून ओढावं. गंज सोडवणारं तेल मारायचं तर ब्रेकची डिस्क झाकून, कारण तिच्यावर उडालेल्या थेंबाचं फळ खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याच्या वाट्याला येतं. फळावर अधिकार नाही म्हणजे फळाची फिकीर नाही, असा अर्थ लावणाऱ्यांनी तो थेंब डोळ्यांसमोर ठेवावा.

कोणी म्हणेल, गंज, घर्षण, प्रसरण सगळं मोजता येतं, मग दैव कशाला? आक्षेप रास्त आहे आणि त्याला लोणावळ्यातच भक्कम आधार आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. मोजल्यानं योगाचा अपमान झाला नाही. पाचव्या कारणाचा प्रांत ज्ञानानं आक्रसतो, आक्रसायलाच हवा. पण नियम सगळ्या टोपणांचा असतो आणि अडकलेलं असतं हे एक. यानं आत नेमकं कुठे धरलंय हे नियम सांगत नाही. त्याला दैव म्हणायचं नसेल तर म्हणू नका, हिशोबात मात्र ते धरावंच लागेल.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: जबाबदारी पाच जणांत वाटली, तर आटे गेल्यावर धरायचं कोणाला? अहंकार नसलेल्याला कर्म बांधत नाही, असं त्याच अध्यायात पुढे येतं, आणि त्याची ढाल करणं फार सोपं. पण कर्ता त्या पाचांत मोजलेला आहे, वगळलेला नाही. पाना कुठला घ्यायचा, घाव कुठे घालायचा हे त्यानंच ठरवलं, तेवढं त्याच्या खात्यावर. उलट, सगळं आपल्याच जोरावर चालतं असं मानणाराच टोपणाला शिव्या घालतो. एकटा कर्ता असून काम झालं नाही, म्हणजे कोणीतरी आडवं आलंच असणार! रॉबर्ट पिर्सिगनं 1974च्या आपल्या मोटारसायकलवरच्या पुस्तकात अडकलेल्या स्क्रूवर बरंच चिंतन केलं आहे. अडल्यामुळे मन रिकामं होतं आणि नवं सुचतं, असा त्याचा रोख. मला ते अर्धंच पटतं. ॲल्युमिनियम आत आहे की बाहेर हे रिकाम्या मनाला आपोआप कळत नाही, वाकून बघावं लागतं.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. कष्टाच्या भीतीनं टाकलेल्या कर्माला गीता राजस त्याग म्हणते. वैताग आला म्हणून गाडी तशीच परत देणं त्यात मोडतं. पण ड्रिल सरकून एक्सलची आतली भिंत कोरली जाणार हे दिसत असेल, तर थांबणं ही पळवाट नाही. चाक एक्सलवर आहे, स्लायडरवर नाही. अशा वेळी मालकाला सरळ सांगावं: स्लायडर हवाच असेल तर नव्या एक्सलचा खर्च धरा, नसेल तर गाडी आहे तशी चालवायला काही हरकत नाही. पुढचं त्यानं ठरवायचं.